नळखात्याचं झाड

ती. वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर वाकू देते तेवढंच. उरलेलं तुम्ही मनाने धरून घ्या, न झालेलं मनाने धरायची तुम्हाला सवय आहेच.) तब्येत कशी आहे? गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र कानात घालता की अजून डबीतच जपून ठेवता? इकडे सगळे ठीक. माझा वरचा एक दात हलत होता तो पडला. आता जे चार उरलेत ते एकमेकांच्या समोर येत नाहीत, त्यामुळे तोंडात शांतता आहे. तुमचे बंधू भिंतीवर फोटोत आहेत. फोटो सरळ आहे. सध्या जरा जास्तच सरळ आहे, त्याचं कारण पुढे येईल.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि इथे घरभर ऐकू येतं. शिवाय वसंतात तुम्ही चौथ्या दिवशी बॅग उचलून निघून गेलात, तेव्हापासून आपलं बोलणं नाही, हे मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरला नसाल. (औषधाची वेळ तुमच्या ध्यानात राहत नाही, पण मी एकोणीस वर्षांपूर्वी तुमच्या चहात साखर कमी घातली ती राहते.) मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, तिसरीतलेही चार महिने गोवरात गेले, तेव्हा अक्षराला हसू नका. हसायला पुढे पुष्कळ आहे. लिहायला बसले ते माझ्या खिडकीपायी. ती गेली होती, वन्सं. गेल्यातच जमा होती.

तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या भाच्याने छत्तीस वर्षं नळखात्यात नकाशे काढले. (चांगला वागला की तो माझा मुलगा, वेडेपणा केला की तुमचा भाचा. ही वाटणी तुमचे बंधू होते तेव्हापासूनची आहे, आता बदलता येणार नाही.) मोठा नळ कुठून जाईल, फाटे कुठे फुटतील, कोपरा कुठे, तोटी कुठे, एवढंच त्याने जन्मभर पाहिलं. निवृत्त झाला तेव्हा साहेबांनी त्याला बागकामाचं एक चित्रांचं पुस्तक भेट दिलं. त्या साहेबांचं वाटोळं व्हावं असं मी म्हणत नाही, पण झालं तर मला कळवा. त्या पुस्तकात एका नाशपातीच्या झाडाचं चित्र होतं. झाड कसलं, भिंतीला चिकटवलेली शिडी. मधे एक सरळ खोड, आणि दोन्ही बाजूंना काटकोनात आडव्या फांद्या, एकीवर एक, जशी काही कुणी झाडावरून इस्त्री फिरवली आहे. त्या प्रकाराला काहीतरी परदेशी नाव आहे, ते तोंडात लिमलेटची गोळी धरून म्हणावं लागतं. आम्ही घरात भिंतझाड म्हणतो. ते चित्र पाहून तुमच्या भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या लग्नात मला ते पाणी दिसलं नव्हतं. (सूनबाईलाही नव्हतं. तिने ते तेव्हाच लक्षात ठेवलं.) मला आधी कळेना याला एवढं काय झालं. मग कळलं. त्याला ते झाड दिसतच नव्हतं, त्याला नळ दिसत होता. मोठा नळ, त्याला समोरासमोर फाटे, आणि कुठे गळती नाही.

आता असं झाड लावायला दिवसभर ऊन खाणारी भिंत लागते. घराला भिंती चार, पण ऊन खाणारी एकच, आणि तिच्या आड मी राहते. त्याच भिंतीत माझी खिडकी. तुम्ही त्या खिडकीला नावं ठेवता की धूळ येते, आवाज येतो. येतो, म्हणून तर खिडकी आहे. समोर दातांचा दवाखाना, त्याच्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची टपरी, पुढे बसचा थांबा. कोण गाल धरून आत गेलं, कोण हसत बाहेर आलं आणि कोण आत गेलं ते अजून बाहेर आलंच नाही, हे मला बसल्या जागी कळतं. दातांच्या डॉक्टरचं आणि त्याच्या मदतनीस बाईचं बिनसलंय, हे डॉक्टरला कळायच्या आठ दिवस आधी मला कळलं. पेपर वाचायला मला अर्धा दिवस लागतो आणि एवढं करून त्यात आपल्या गल्लीतलं काही नसतं. माझा पेपर म्हणजे ती खिडकी. तुमचे बंधू गेल्यावर लोक विचारायचे, वेळ कसा जातो? मी म्हणायचे, आता कुठे नीट दिसायला लागलंय, आधी ते मधे बसायचे.

तर सहा वर्षांपूर्वी रोप आलं. माझ्या काठीएवढं उंच, बोटाएवढं जाड. आणून लावलं, पाणी घातलं, आणि तुमच्या भाच्याने कात्री घेऊन गुडघ्याच्या उंचीवर ते कचकन कापलं. मी खिडकीतून ओरडले, अरे मेल्या, मारायचंच होतं तर आणलंस कशाला? तो म्हणाला, पुस्तकात लिहिलंय. मग खरोखर त्याला तीन फुटवे आले. एक वर जाऊ द्यायचा, दोन डावीउजवीकडे वळवायचे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मधला कापायचा, पुन्हा तीन. असा दर वर्षी एक मजला. भिंतीवर आडव्या तारा ठोकल्या, त्या गवंड्याकडच्या बुडबुड्याच्या पट्टीने तपासल्या, मधलं खोड सरळ उभं राहावं म्हणून त्याला ओळंबा लावला. फांद्या तारेला बांधायला मऊ काहीतरी हवं, सुतळी काचते म्हणे, तर सूनबाईचे पायमोजे कापून त्याच्या पट्ट्या केल्या. पहिल्या वर्षी जुने मोजे घेतले. दुसऱ्या वर्षी कमी जुने. आता घरात मोजे घालणारं असं ते झाडच आहे, सूनबाईचे पाय उघडे.

पहिल्या मजल्यालाच मजा झाली. कोवळा फुटवा आधी तिरपा बांधून वाढू द्यायचा आणि मग हळूहळू आडवा करायचा, असं पुस्तकात होतं. पण तिरपं दिसलं की तुमच्या भाच्याच्या पोटात दुखतं. त्याने एका दमात आडवा केला, तो काडकन मोडला. त्याला सूनबाईचा एक आख्खा मोजा बांधून सहा आठवडे पट्टीत ठेवला. (मी न्हाणीघरात पडले तेव्हा मला दोनच आठवडे ठेवलं होतं.) तो जगला. मग दिसलं की डावी फांदी लांब आणि उजवी आखूड. झालं. डावी थोडी कापली, तर ती फारच आखूड झाली. म्हणून उजवी कापली. ती जास्त कापली गेली म्हणून पुन्हा डावी. दोन मांजरांच्या भांडणात लोण्याची वाटणी करणाऱ्या माकडाची गोष्ट तुम्हीच त्याला लहानपणी सांगायचात ना? त्याला त्यातलं माकड फार आवडायचं, हे मला तेव्हाच खटकलं होतं. मी म्हटलं, अरे, माणसाचे दोन हात तरी कुठे सारखे असतात? तर त्याने आधी माझे हात मोजले आणि मग स्वतःचे. त्याचे सारखे नव्हते. दोन दिवस नीट जेवला नाही.

आणि एवढं करून फळ? सहा वर्षांत एक नाही. फूलसुद्धा नाही. कारण मला दिसत होतं, पण मला विचारतो कोण. फांदीवर आखूड, जाड, गाठीसारखे खुंट यायचे, बोटाच्या पेराएवढे. तुमचा भाचा दर हिवाळ्यात पट्टी लावायचा, आणि जे रेषेच्या बाहेर दिसेल ते छाटायचा. खुंट रेषेच्या बाहेरच यायचे. म्हणजे फळ जिथे धरायचं तीच जागा हा माणूस दर वर्षी साफ करत होता. तीन इयत्ता शिकलेल्या बाईला हे खिडकीतून दिसत होतं. मी एकदा म्हटलंही, की हे जाडे डोळे ठेव रे, हे पोटुशीसारखे दिसतात. तो म्हणाला, आई, तुला यातलं काही कळत नाही. बरं म्हटलं. ज्याला मी चालायला शिकवलं त्याने मला हे सांगितलं, म्हणजे खरंच असेल.

तिसऱ्या मजल्याची उजवी फांदी माझ्या खिडकीपाशी आली, तिथे खरी लढाई सुरू झाली. तार थेट खिडकीच्या गजांवरून नेली. फांदी आली, फांदीला पानं आली, आणि माझा दवाखाना अर्धा गेला. डॉक्टर दिसायचा, पेशंट दिसायचे नाहीत. पुढच्या वर्षी चौथा मजला वरच्या गजांवरून गेला, त्यात छत्रीवाला गेला. मी दातओठ खायचे. (तेव्हा दात होते.) पण तेवढ्यानेही भागेना. तुमच्या भाच्याने वहीत हिशेब मांडला की उजव्या फांद्या डाव्यांच्या मागे पडतात, त्याचं कारण खिडकी. भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी झाडाला ऊब देते, खिडकीला तापताच येत नाही. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी तो गवंड्याला घेऊन आला आणि बाहेरून, माझ्यासमोर, माझ्या खिडकीचं माप घ्यायला लागला. बुजवायची म्हणे, विटा लावून. मला म्हणाला, आई, तुला दुसरी खिडकी आहे ना. आहे की. तिच्यातून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते. टाकीकडे कोण गाल धरून येणार आहे? गवंडी बिचारा भला माणूस, म्हणाला, आजींना उजेड कुठून? तर तुमचा भाचा म्हणतो, ट्यूब लावू, आणि वर असं म्हणतो, खिडकी ही मुळात भिंतीतली चूकच असते. गवंडी म्हणाला, साहेब, मग दाराला काय म्हणायचं?

मी रडले नाही, हे सांगायला नकोच. मी पैज लावली. गवंड्याला शाळेच्या कुंपणाचं काम होतं, तो थंडी पडायच्या आधी येणार होता. मी म्हटलं, गवंडी येईल त्या दिवशी या झाडावर एक, फक्त एक फळ असलं, तर बुजव खिडकी, मी हूं की चूं करणार नाही. नसलं तर माझ्या खिडकीवरच्या तारा काढायच्या, फांद्या तोडायच्या, आणि हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही. तो म्हणाला, कबूल. सूनबाई पीठ मळता मळता थांबून म्हणाली, मी साक्षीदार. (तुम्ही पुढच्याच महिन्यात आलात, पण तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही भाच्याच्या बाजूने उभ्या राहिला असतात.) मला पक्की खात्री होती. जो माणूस स्वतःच्या हाताने दर वर्षी फळाची जागा कापतो, त्याच्याविरुद्ध पैज लावणं म्हणजे आंधळ्याशी लपाछपी.

पण माझीच एक चूक झाली होती, वन्सं, ती आता कबूल करते. दोन वर्षांपूर्वी त्या खिडकीवरच्या फांदीचा एक फुटवा गजांतून आत आला होता, माझ्या खोलीत. हातभर लांब, वेडावाकडा, पडद्याच्या मागे. बाहेरून तो भाच्याला दिसत नव्हता, आणि आत मी त्याला येऊ देत नव्हते, माझ्या खोलीत कात्री आणायची नाही असा माझा नियम आहे. मी त्याच्यावर चष्मा टांगायचे. ओला रुमाल वाळत घालायचे. खुंटी म्हणून चांगला होता. या वसंतात त्या खुंटीचे जाडे डोळे फुटले आणि तिला फुलं आली, पांढरीशुभ्र, पाच-पाचचे झुबके. मला वाटलं, फुलू दे. फुललं म्हणजे फळलं असं नाही. आपल्या नात्यात कितीतरी माणसं नुसती फुलत म्हातारी झाली.

त्याच आठवड्यात तुम्ही आलात. येताना तुमच्या दारच्या नाशपातीची फुललेली फांदी ओल्या कागदात गुंडाळून आणलीत, आमचं झाड कसं फुलत नाही आणि तुमचं कसं न शिकवता फुलतं हे दाखवायला. ती माझ्याच खिडकीत, काचेच्या पेल्यात ठेवलीत, का तर तिथे उजेड. मग मधमाश्या आल्या. आधी तुमच्या पेल्यावर, मग माझ्या खुंटीवर, मग तुमच्या कानावर. पाकळ्या अंथरुणात, पाकळ्या पाण्याच्या तांब्यात. तुम्ही तुमच्या चहात मेलेली माशी निघाल्याचं निमित्त करून मला बोललात, मी तुम्हाला म्हटलं की तुमच्याबरोबर नेहमी कचराच येतो, आणि तुम्ही बॅग भरलीत. मी अडवलं नाही. गादी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि सूनबाईला सांगितलं, हिची आता गरज नाही.

तुम्ही गेलात आणि तीन आठवड्यांत खुंटीवर पाकळ्या गळून तीन हिरव्या गाठी उरल्या, तुमच्या कानाच्या यंत्राएवढ्या. मी नखाने खुडायला गेले. म्हटलं, उद्या. उद्या म्हटलं, परवा. दया आली असं नाही. एवढ्या माणसांनी एवढी वर्षं धडपडून जे झालं नाही ते माझ्या चष्म्याच्या खुंटीवर झालं, याची मला जरा ऐट वाटली. ऐटीने माणूस मरतो. पाहता पाहता त्या गाठी लिंबाएवढ्या झाल्या, मग विजेच्या दिव्याएवढ्या. आता खुडून टाकायच्या तरी कुठे? कचऱ्याची बादली भाचा बघतो, खतासाठी. शेवटी मी फळांना सूनबाईचे उरलेले मोजे घातले, वरून माझी लोकरीची टोपी अडकवली आणि पडदा ओढून घेतला. ज्या खिडकीसाठी पैज लावली ती खिडकी मी स्वतःच दिवसभर झाकून बसले. दवाखान्यात कोण आलं, कोण गेलं, काही पत्ता नाही. मदतनीस बाई नोकरी सोडून गेली ते मला सूनबाईकडून कळलं, वन्सं! शिळं, तिसऱ्या दिवशीचं!

एकदा सूनबाई पडदा धुवायला काढायला आली. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, दोन वर्षं धुतला नाही, आणि ओढला. समोर टोपी, टोपीखाली मोजे, मोज्यांत तीन फळं. ती बघत उभी राहिली. मीही बघत बसले. आपले मोजे तिने लगेच ओळखले. एवढं झाल्यावर तिने पडदा होता तसा लावला, घड्या नीट केल्या, आणि म्हणाली, आई, पडदा पुढच्या वर्षी धुऊ. पंचवीस वर्षं मी या बाईला आळशी म्हणत आले. आहेच ती आळशी, पण गुणी आहे.

इकडे तुमचा भाचा भिंग घेऊन झाडाचं पान न् पान तपासायचा. पावसाची झड लागली तेव्हा आठ दिवस बाहेर जाता येईना, तर बुडबुड्याची पट्टी घेऊन घरात शिरला. तुमच्या बंधूंचा फोटो सरळ केला. फळ्या सरळ केल्या. माझी खाट भिंतीपासून दोन बोटं तिरकी होती, मी झोपलेली असताना आत येऊन ती सरळ केली (पडद्याला हात लावला नाही, नशीब), आणि उठल्यावर माझा पाय भलत्याच ठिकाणी पडला. सूनबाईचे मसाल्याचे डबे त्याने उंचीने लावले. तिला तीन दिवस मीठ सापडलं नाही. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की ते झाड आम्हाला काय काय देत होतं.

मग गवंडी आला. विटा आल्या, रेती आली. तुमचा भाचा बाहेर खिडकीपाशी उभा राहिला, हातात तार कापायची पक्कड. आम्हा दोघांच्या मधे फक्त पडदा, गज आणि ती तीन फळं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, आई, हरलो गं. मी म्हटलं, मग काप तार. तो म्हणाला, नुसती तार नाही कापत, झाडच काढतो. उजव्या फांद्या गेल्यावर डाव्या ठेवून काय करू? एका बाजूचं झाड मला बघवणार नाही. पक्कड उघडायचा आणि मिटायचा. चौसष्ट वर्षांचा माझा मुलगा, वन्सं, शाळेत नाव पुकारल्यासारखा उभा.

आता तुम्ही म्हणाल, आईचं काळीज. काळीजबिळीज काही नाही. मी सरळ विचार केला. झाड गेलं, तर हा माणूस आत येणार. हिवाळा येतोय. पट्टी त्याच्या खिशात आहेच. खाट, फोटो, डबे संपले की तो मला सरळ करायला घेणार, आणि या वयात मी आता सरळ होत नाही. खिडकी मिळेल, पण खिडकीशी बसू कोण देणार? मी पडदा ओढला आणि टोपी काढली.

तो बाहेरून गजांना धरून बघत राहिला. मग चिखलाच्या पायांनी तसाच आत आला. (मी बोलले नाही. जन्मात एकदाच.) मोजे काढले, एक, दोन, तीन. मला वाटलं आता माप घेईल. त्याने नाही घेतलं. एका बोटाने एक फळ खालून जरा उचलून पाहिलं, बाळाची हनुवटी उचलतात तसं. मग खुंटीचे ते जाडे डोळे बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, आई, हे ठेवायचे असतात? मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही.

पण पैज तो जिंकला होता. झाडावर फळ होतं, गवंडी दारात होता. मी माझ्या शब्दाची आहे, म्हटलं, बुजव. तेव्हा गवंड्याने खिडकीत डोकं घालून विचारलं, साहेब, ही फांदी विटांच्या आत ठेवायची की बाहेर? आत ठेवली तर झाडापासून तुटेल, बाहेर ओढली तर गजांत मोडेल. तुमच्या भाच्याने फांदीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि छत्तीस वर्षं नळखात्यात काढलेल्या माणसासारखं सांगितलं, की खिडकीला हात लावायचा नाही, फळ फक्त खिडकीतच धरतं. त्याच दिवशी वहीत लिहिलं. मी डोकावून वाचलं, एवढं मला वाचता येतं. फळ धरण्याची कारणं: एक, खोलीतली ऊब. दोन, पडदा. तीन, आईचं सतत बोलणं. आता आतल्या फांदीला उजेड मिळावा म्हणून त्याने गजांवरची पानं विरळ केली आहेत. मला दवाखाना आख्खा दिसतो आणि छत्रीवालाही. नवी मदतनीस बाई आली आहे, टिकणार नाही. गवंड्याने त्या विटांचा झाडाखाली ओटा बांधला, तोही बुडबुड्याने. फक्त माझ्या खोलीत आता दिवसातून दोनदा उष्णता मोजायला माणूस येतो, आणि मी गप्प बसले की म्हणतो, आई, बोल ना काहीतरी, झाडासाठी. मोठी बातमी झाली. रोपवाटिकेवाला, ज्याने मुळात ते रोप विकलं, तोही बघायला आला होता. काहीतरी विचारायला लागला होता, मी त्याला चहा देऊन वाटेला लावला. (त्याचं नंतर.)

तर असं आहे. खिडकी राहिली, झाड राहिलं, मुलगा बाहेर राहिला. तुम्ही आपली काळजी घ्या. इकडे यायची दगदग करू नका. खोलीत जागा नाही, तुमच्या अंथरुणाच्या जागी आता उष्णतामापकाचं स्टूल आहे, आणि सहा महिन्यांपूर्वीचा तो राग तुम्हालाही टाकवणार नाही, मलाही. मोठ्यांना नमस्कार सांगितला असता, पण तुमच्यापेक्षा मोठं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून हा तुम्हालाच दुसऱ्यांदा.

तुमची भावजय

ता. क. सोबतच्या डब्यात तीनातलं एक फळ आहे, मोज्यात गुंडाळलेलं. मोजा धुतलेला आहे. एक आम्ही तिघांनी खाल्लं, एक भाच्याने कपाटावर ठेवलं आहे आणि तो त्याच्याकडे बघत बसतो. हे फळ झाडावर पिकत नाही, दगडासारखं असतानाच उतरवायचं. तुम्हाला मिळेल तेव्हाही दगडच असेल. लगेच चावू नका, तुमचेही दात मला माहीत आहेत. देठापाशी अंगठ्याने दाबून बघायचं, जरा दबलं की खायचं. दुसऱ्या दिवशी उशीर होतो.

ता. क. दोन. रोपवाटिकेवाल्याचं राहिलं. तो विचारत होता, दुसरं झाड कुठे आहे? म्हटलं, दुसरं कसलं? तर म्हणाला, नाशपातीला एकटीला फळ धरत नाही, आजी, जवळ दुसऱ्या जातीची नाशपाती फुललेली लागते, तिच्यावरून माशी इकडे यावी लागते. नुसते डोळे राखून काही व्हायचं नाही. मला तुमचा पेला आठवला. त्याला मी लगेच चहा दिला आणि वर गरम असतानाच प्यायला लावला. तुमचा भाचा तेव्हा बाहेर ओट्यावर पट्टी फिरवत होता, त्याने ऐकलं नाही. त्याच्या वहीत ऊब, पडदा आणि माझं बोलणं एवढंच आहे, आणि पुढच्या वसंतात मी कितीही बोलले तरी झाडाला काही होणार नाही. मग पुन्हा भिंग, पुन्हा पक्कड, पुन्हा गवंडी. तेव्हा फुलं फुटायच्या आठवड्यात या. भरपूर फांद्या घेऊन या. एका पेल्याचं काम नाही, या खेपेला बादली ठेवू. चार दिवसांत जायचं नाही, सगळ्या पाकळ्या गळेपर्यंत राहायचं. कचरा म्हटलं होतं, तो शब्द मी मागे घेत नाही. पण तोच कचरा जरा जास्त आणा.

ता. क. तीन. भाच्याला यातलं काही कळता कामा नये. तुमच्या झाडामुळे आमच्याकडे फळ धरलं असं तुम्ही एका माणसाला जरी सांगितलंत, तरी गवंड्याचा नंबर माझ्याकडे आहे, आणि खिडक्या तुमच्याही घराला आहेत.

ता. क. चार. तुमची गादी माळ्यावरून काढून उन्हात घातली आहे. फुलायला अजून पाच महिने आहेत ते मला कळतं. गादी फार दमट आहे.